पाठमोरी माणसं

मी खोली बघायला गेले तेव्हा काकांनी ना कॉलेज विचारलं, ना गाव, ना मी घरात मासे शिजवणार का ते. दारातच म्हणाले, "त्या कोपऱ्यापर्यंत चालत जा आणि परत ये."

"कशाला?"

"बघायचंय."

नोव्हेंबर होता. मिशिगनमधल्या ॲन आर्बरचा वारा कानात शिरत होता आणि मी नागपूरची. थंडी म्हणजे नवा स्वेटर घालून फोटो काढायचे दिवस, एवढीच माझी तोवरची समजूत. पण आधीची जागा सेमिस्टरच्या मध्येच सोडावी लागली होती, आणि लॅबच्या बसरूटवर दुसरी खोली मिळत नव्हती. मुकाट्याने कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. काका पुढच्या खोलीच्या खिडकीत उभे राहून बघत होते.

"डावा खांदा खाली पडतो तुझा. शाळेपासून दप्तर त्याच खांद्यावर घेत होतीस?"

"हो."

"आणि मागे कुणी आहे असं वाटलं की मान आखडतेस. ठीक आहे, वरची खोली घे."

अशी आमची ओळख झाली. पुढे दोन वर्षं मी त्या घरात राहिले. त्या दोन वर्षांत काकांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. मी चष्मा बदलला ते त्यांना तीन महिन्यांनी कळलं. केस चार बोटं कापले ते मात्र मी फाटकाबाहेर पडायच्या आत कळलं.

काका मूळचे कोल्हापूरचे. तिथे चित्रकला शिकले आणि मग पोटासाठी मिशिगनला येऊन मोटारींच्या एका कंपनीत ड्रॉइंगच्या टेबलाशी जन्म काढला. रिटायर झाल्यावर त्यांनी गॅरेजमधली गाडी बाहेर काढली आणि आत कॅनव्हास टेकवायचं ईझल मांडलं. गाडी बर्फात आणि चित्रं हीटरच्या उबेत, अशी त्या घरातली व्यवस्था होती.

चित्रं सगळी गावातलीच. बस स्टॉपवरची रांग, लाँड्रीतल्या बाकांवर वाट बघत बसलेली माणसं, शनिवारचा भाजीबाजार, लायब्ररीच्या पायऱ्या. इतकी हुबेहूब की सिग्नलच्या खांबावरचं पोस्टर कुठल्या टोकाला फाटलंय तेसुद्धा कळावं. प्रत्येक चित्रात माणसं होती, भरपूर होती. फक्त एकाचाही चेहरा दिसत नव्हता. झाडून सगळी पाठमोरी. पहिल्यांदा गॅरेजमध्ये गेले तेव्हा चारी भिंतींवरची माणसं मला बघून नुकतीच वळली आहेत असं वाटलं आणि मी उगीचच "सॉरी" म्हणाले.

"चेहऱ्याला सवय असते बघितलं जायची," काका म्हणायचे. "आरशासमोर रोज तालीम होते त्याची. पाठीची तालीम कोण करतं? पाठ आहे तेच सांगते."

हे मला म्हातारपणचं तत्त्वज्ञान वाटायचं. एकदा त्यांना इंडियन ग्रोसरीत घेऊन गेले होते. तेलाच्या डब्यांपाशी एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता. काका हळूच म्हणाले, "या बिचाऱ्याचं घर मोडतंय." मी मुद्दाम वळसा घालून त्याचा चेहरा बघून आले. चांगला हसतमुख गृहस्थ, फोनवर कुणाशी तरी क्रिकेट बोलत होता. परत येऊन मी काकांची भरपूर थट्टा केली. दोनेक महिन्यांनी कळलं की त्याची बायको मुलांना घेऊन टेक्सासला निघून गेली. मी थट्टा बंद केली.

दुसरा नियम याहून कडक. दिसलं तेच काढायचं. मनातलं काही घुसवायचं नाही. एकदा लाँड्रीसमोरच्या चित्रात त्यांनी खांबाला साखळीने बांधलेली सायकल रंगवली होती, आरा न् आरा मोजून. चित्र पुरं व्हायच्या आत ती सायकल तिथून कुणी नेली. दुसऱ्या दिवशी बघते तर काका सुरीने ती सायकल खरवडून काढतायत.

"अहो काका, इतकी छान जमली होती!"

"गेली ना पण ती. आता नुसती माझ्या डोक्यात आहे. डोक्यातलं मी काढत नाही."

मी इंजिनिअर आहे. मोजता येत नाही त्याच्याशी माझं फारसं सख्य नाही. त्यामुळे काकांचा हा नियम मला आवडायचा, आणि तोच पुढे माझ्या मानगुटीवर बसला.

घरात त्यांच्या बायकोचा फोटो नव्हता. काकू गेल्या होत्या एवढंच मला माहीत होतं. कशा, कधी, ते विचारायची हिंमत झाली नव्हती. त्यांची म्हणून एकच वस्तू दिसायची. पुढच्या दाराशी जमिनीत गरम हवेची लोखंडी जाळी होती आणि तिच्यावर काळ्या लोकरीच्या हातमोज्यांचा एक जोड ठेवलेला असायचा. उजव्या अंगठ्याला निळ्या दोऱ्याने रफू केलेलं. सकाळी चहा घेण्याआधी काका ते हातमोजे उलटे करून ठेवायचे, दुसऱ्या बाजूनेही ऊब लागावी म्हणून. ते करताना त्यांचा चेहरा अगदी साधा असायचा, आपण पोळी उलटतो तेव्हा असतो तसा.

पहिल्याच हिवाळ्यात मी चूक केली. प्रेझेंटेशनला उशीर होत होता, माझे हातमोजे सापडेनात, आणि दाराशी ते होते. मी घातले आणि पळाले. उताराचा रस्ता धरला. आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या बस स्टॉपपर्यंत रस्ता सरळ खाली जातो. रस्त्यावर कुणी नव्हतं. पण निम्म्या वाटेवर मागे कुणी आहे असं वाटून माझी मान आखडली. वळून बघितलं, तर कुणीच नाही.

कोपऱ्याच्या जरा अलीकडे घरांच्या मागची गल्ली रस्त्याला येऊन मिळते. तिथून काका एकदम माझ्यासमोर आले. अंगात कोट नाही, पायात घरातल्या सपाता, सपातांवर घोट्यापर्यंत बर्फ. सत्तरी ओलांडलेला माणूस मागच्या गल्लीतून धावत, सगळा वळसा घालून, मला पुढून गाठायला आला होता.

"हातमोजे," ते म्हणाले. पुढे बोलायला दम नव्हता.

मी घाईघाईने काढून दिले. त्यांनी खिशातून स्वतःचे काढून माझ्या हातात कोंबले.

"काका, अहो, हाक मारायची ना! मी थांबले नसते का?"

"मागून हाक मारत नाहीत."

मला हसू आलं. बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये हे माझी आजीही म्हणायची, पण आजी घसरड्या बर्फात सपाता घालून धावत नव्हती. मी काहीतरी चेष्टेचं बोलणार होते. मग पाहिलं की काका माझ्याकडे बघतच नाहीयेत. ते मान वळवून आपल्या मागच्या, कोपऱ्यावरच्या क्रॉसिंगकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मीही तिकडे बघितलं. क्रॉसिंग रिकामं होतं. बस आली, मी चढले. खिडकीतून पाहिलं तेव्हा काका तिथेच उभे होते, हातमोजे दोन्ही हातांनी छातीशी धरून.

दुसऱ्या हिवाळ्यात गावच्या लायब्ररीने खालच्या हॉलमध्ये काकांचं प्रदर्शन ठरवलं. त्यांना ईमेल, फॉर्म, फोटो यांचा कंटाळा, म्हणून ते सगळं माझ्या गळ्यात पडलं. पत्रकासाठी लायब्ररीने चित्रकाराचं स्वतःचं चित्र मागितलं होतं. काका म्हणाले, "ते व्हायचं नाही."

"फोटो तरी द्या."

"फोटोत चेहरा येईल. आणि मी चेहरे काढत नाही. माझी पाठ मला दिसत नाही, म्हणजे माझं चित्र होत नाही. लिहून टाक तसं."

मी तसं काही लिहिलं नाही. काकांची पाठ मात्र मला चांगली माहीत होती, कारण गॅरेजमध्ये चहा घेऊन गेलं की तीच दिसायची. तपकिरी स्वेटर, उजवा खांदा जरा वर. डोक्याच्या मागच्या बाजूला, दाट पांढऱ्या केसांच्या मधोमध, रुपयाएवढं गोल टक्कल पडलं होतं. काकांना आपल्या केसांचा अभिमान होता, अजून एक केस गेला नाही म्हणायचे. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी ते कधी बोलले नाही.

एकूण बावीस चित्रं होती. त्यांचे फोटो काढून मी लॅपटॉपवर तारखेप्रमाणे लावत होते. तारीख ते मागच्या बाजूला लिहायचे, अर्थातच मागे. शनिवारची दुपार होती, बाहेर लख्ख ऊन आणि बर्फ. एकामागून एक चित्रं पुढे सरकवताना मला एक मरून कोट दिसला. मग पुढच्या चित्रात दिसला. मग त्याच्या पुढच्या.

बाई. मरून रंगाचा लांब कोट, वर बांधलेले केस, हात खिशात. बस स्टॉपच्या रांगेपलीकडे, भाजीबाजाराच्या गर्दीत, लाँड्रीच्या काचेतून दिसणाऱ्या फुटपाथवर. बावीसच्या बावीस चित्रांत ती होती. बाकीची माणसं कुठे तरी उभी होती, बसली होती, रेंगाळली होती. ती प्रत्येक वेळी चालत होती.

मी पुन्हा पहिल्यापासून बघत गेले आणि मग हात थांबला. सगळ्यांत जुन्या चित्रात ती इतकी जवळ होती की कोटाच्या काठाची उसवलेली शिवण दिसत होती. पाचव्यात ती रस्त्याच्या पलीकडे होती. दहाव्यात बोटाएवढी. सतराव्यात नखाएवढी. बाविसाव्यात, नदीवरच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अगदी टोकाला, मरून रंगाचा एक तांदूळ.

लॅबमधल्या माझ्या पुण्याच्या मित्राला मी ते फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला. "अगं यार, सिंपल आहे. पेंटर लोक एक रेड एलिमेंट टाकतात, कॉम्पोझिशनसाठी. आय बॅलन्स होतो. तू ओव्हरथिंक करतेयस."

मला ते पटलं असतं. पण ती सायकल काकांनी खरवडलेली मी पाहिली होती.

मी लॅपटॉप उचलून गॅरेजमध्ये गेले. काका ब्रश धुत होते.

"काका, ही कोण आहे?"

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि फडक्याला हात पुसले. "तुझी काकू."

"आठवणीतून काढलीत?"

"आठवणीतलं मी काढत नाही, तुला माहीत आहे. दिसते म्हणून काढतो."

हीटर चालू होता, तरी माझ्या पाठीवर काटा आला. मला तिथून निघून जायचं होतं. मी गेले नाही, कारण काका बोलायला लागले होते आणि हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नसावं हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

काकू एका बालवाडीत शिकवायच्या. रोज सकाळी त्या उतारावरून चालत जाऊन कोपऱ्यावरची बस पकडायच्या. मागून हाक मारायची नाही हा नियम त्यांचा. त्या लहान असताना वडील गावाला निघाले होते, कुणी तरी मागून हाक मारली, ते वळून दोन शब्द बोलून गेले आणि परत आलेच नाहीत. लग्न झाल्या झाल्या त्यांनी काकांना शपथ घातली होती. चाळीस वर्षं काकांनी ती पाळली. काही विसरलं की ते मागच्या गल्लीतून धावत जायचे आणि कोपऱ्यापाशी त्यांना पुढून गाठायचे. काकू हसायच्या. दोघांचा तो एक खेळच झाला होता.

"त्या दिवशी हातमोजे विसरली," काका म्हणाले. "मी दारात आलो तेव्हा ती दहा पावलांवर होती. दहा पावलं, पोरी. नुसतं 'अगं' म्हटलं असतं तरी ऐकू गेलं असतं. मी गल्लीकडे धावलो. रस्त्यावर पोचलो तोवर कोपऱ्यावर गाडी घसरून झालं होतं सगळं. अर्ध्या मिनिटाचा फरक. हाक मारली असती तर ती वळली असती, थांबली असती, मला दोन शब्द बोलली असती. तेवढ्यात गाडी निघून गेली असती."

मी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"त्यानंतर दीडेक महिन्याने ती दिसली. समोरच्या फुटपाथवर. पाठमोरी. मी काढली. मग दिसत राहिली. मी सगळ्या गावाच्या पाठी बघत बसतो असं लोकांना वाटतं. मी एकच शोधत असतो." त्यांनी स्क्रीनवरच्या त्या तांदळावर बोट ठेवलं. "बघ, केवढीशी राहिली. थंडीत, हात खिशात घालून. पुढच्या वेळी दिसणार नाही. एकदा दिसेनाशी झाली की मग संपलं."

"मग हाक मारा ना काका."

"शपथ आहे तिची."

"ती शपथ तुम्ही एकदा पाळलीत," मी म्हणाले. माझा आवाज नको तेवढा चढला होता. "काय झालं पाळून?"

काकांनी ब्रश पुन्हा धुवायला घेतले, आधीच स्वच्छ झालेले.

प्रदर्शनाला बऱ्यापैकी गर्दी झाली. गावच्या मराठी मंडळातले लोक आले, माझे लॅबवाले आले, गावातले गोरे म्हातारे आपल्या पाठी शोधत फिरत होते आणि सापडली की खूश होत होते. मंडळातल्या एक बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "चित्रं सुरेख आहेत हो, पण घरात लावायची कशी? सारखं कुणीतरी उठून चाललंय असं वाटेल." त्यांचा नातू एका चित्रासमोर उभा राहून विचारत होता, "आजी, व्हाय वोन्ट दे टर्न अराउंड?"

काका कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले होते. घरून निघताना त्यांनी जाळीवरचे हातमोजे उचलून कोटाच्या खिशात घातले होते. मी ते बघितलं होतं.

दुपारी चारच्या सुमाराला सिटी बसचा एक ड्रायव्हर आला. धिप्पाड माणूस, युनिफॉर्मच्या जाकिटात, हातात कॉफीचा कप. ब्रेकमध्ये ऊब घ्यायला शिरला असावा. एकेका चित्रासमोरून तो जात होता आणि मग विसाव्या-एकविसाव्यापाशी थांबला. परत मागे गेला. मग मला म्हणाला, "ही बाई. मरून कोटवाली. हिला ओळखता तुम्ही?"

मी काकांकडे पाहिलं. ते ऐकत होते.

"का?" मी विचारलं.

"माझ्या रूटवर असते. खूप वर्षं बघतोय. बर्फ पडला की हमखास. मी स्टॉपवर बस उभी करतो, दार उघडतो, म्हणतो चला मॅडम, थंडी आहे. ती चढत नाही. पुढे चालत राहते. कधी वळून बघत नाही." त्याने मान हलवली. "हल्ली स्टॉपपासून खूप लांब असते. काल पुलाकडे दिसली. त्या बाईला हातमोजे द्यायला हवेत कुणी तरी."

काका उठले. खुर्ची मागे पडली, तिचा आवाज सगळ्या हॉलमध्ये झाला. ते कुणाकडेही न बघता जिना चढून वर गेले. मी मागे धावले.

लायब्ररीच्या दाराबाहेर बर्फ पडायला लागला होता. शाळा-ऑफिसं सुटायची वेळ, फुटपाथवर माणसं भराभर चालली होती. सगळ्यांची तोंडं घराकडे, म्हणजे आमच्याकडे सगळ्यांच्या पाठी. मी ती पाठ न् पाठ ओळखत होते. आम्ही नुकत्याच बघितलेल्या चित्रांतलीच ती गर्दी होती. रस्ता सरळ पुलापर्यंत गेलेला. त्या टोकाला मला पांढरं सोडून काही दिसत नव्हतं.

काका पायरीवर उभे होते. खिशातून हातमोजे काढले होते. तोंड उघडून पुन्हा मिटत होते. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि माझ्या मनात एवढंच होतं की आज हाक नाही मारली तर हा माणूस उरलेला जन्म असाच काढणार.

"अगं!" काका ओरडले.

त्यांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. सबंध रस्त्यावर गेला.

"अगं, थांब! हातमोजे राहिले!"

आणि फुटपाथवरची सगळी माणसं वळली. कुणाला काही कळलं नव्हतं, म्हातारा ओरडला म्हणून वळली, एवढंच. पण दोन हिवाळे ज्यांच्या नुसत्या पाठी बघितल्या होत्या त्या साऱ्यांनी एकाच क्षणी आपले चेहरे आमच्याकडे केले, आणि मी घाबरून काकांची बाही धरली. ते त्यांच्याकडे बघत नव्हते. त्या सगळ्या चेहऱ्यांवरून पलीकडे, पुलाकडे बघत होते. मग त्यांनी हातमोज्यांचा हात हळूच वर केला, ओळखीचं माणूस थांबलं की आपण करतो तसा.

"तू आत जा," ते मला म्हणाले. बाही सोडवून घेतली आणि त्या माणसांमधून वाट काढत पुलाकडे चालू लागले. बर्फ इतका दाट झाला की दुसऱ्या सिग्नलपाशी ते मला दिसेनासे झाले. अर्ध्या तासाने परत आले ते दोन्ही हात खिशात घालून. चेहरा अगदी शांत होता.

आठ दिवस गॅरेज आतून बंद होतं. नवव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. तेविसावं चित्र. लायब्ररीच्या पायरीवरून दिसणारा रस्ता, बर्फ, फुटपाथ. आणि चेहरे. झाडून सगळे आमच्याकडे बघणारे, चकित, थोडे वैतागलेले. अगदी टोकाला, पुलाशी, तो मरून तांदूळ होता. मी खाली वाकले. तांदळाच्या वर, ब्रशच्या टोकाने टेकवलेला आणखी एक ठिपका होता. गव्हाळ रंगाचा.

"काका, हा चेहरा आहे?"

"दिसला म्हणून काढला."

मी घरात आले. दाराशी जाळीवर काही नव्हतं. नुसती गरम हवा वर येत होती. परत जाऊन विचारलं, "हातमोजे कुठे आहेत?"

"दिले," काका म्हणाले. "चहा टाकतेस का?"

त्या उन्हाळ्यात माझी डिग्री झाली, दुसऱ्या राज्यात, हर्नडनला नोकरी लागली. निघायच्या दिवशी बॅगा टॅक्सीत टाकल्या, काकांच्या पाया पडले आणि गाडीकडे चालू लागले. दार उघडलं तोच मागून हाक आली, "पोरी!" दोन वर्षांत पहिल्यांदा. मी वळले. काका पायरीवर उभे होते, हात रिकामे.

"काही राहिलं का काका?"

"नाही. तुझा चेहरा बघायचा होता."

विमानतळापर्यंत मी रडत गेले. बिचारा टॅक्सीवाला सारखा टिश्यू देत होता.

काका पुढच्याच हिवाळ्यात गेले. शेजारच्या बाईंचा फोन आला. काकांच्या घराचं पुढचं दार उघडं दिसलं म्हणून त्या सकाळी बघायला गेल्या होत्या. काका गॅरेजमध्ये ईझलसमोर खुर्चीत होते. घरात दारापासून आतपर्यंत ओल होती, कुणी तरी बर्फाचे बूट घालून आल्यासारखी. ईझलवरच्या चित्राचा रंग ओला होता आणि मागे माझं नाव लिहिलेलं होतं. रंग वाळल्यावर त्या बाईंनी ते बांधून मला पाठवून दिलं.

हर्नडनच्या आमच्या घरात ते पुढच्या खोलीत लावलंय. मी आता सगळ्यांना मागून हाक मारते. नवरा ऑफिसला निघाला की फाटकापर्यंत जाऊ देते आणि मग हाक मारते, तो वैतागून वळतो, मी म्हणते, काही नाही, जा. आई फोनवर रागावते.

चित्रात काकांच्या घरासमोरचा उताराचा रस्ता आहे. कोपऱ्यावरचं क्रॉसिंग मागे पडलंय आणि दोन माणसं पाठमोरी चालली आहेत, अगदी जवळ, दहा पावलांवर. मरून कोटाची बाई, हातात काळे हातमोजे, उजव्या अंगठ्यावर निळ्या रंगाचा बारीक फटकारा. तिचा हात धरून तपकिरी स्वेटर घातलेला म्हातारा, उजवा खांदा जरा वर. त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, पांढऱ्या केसांच्या मधोमध, रुपयाएवढं गोल टक्कल आहे. त्याबद्दल मी काकांना कधीच काही सांगितलं नव्हतं.